मोटेतून नेलेली पाठराखीण

लग्नात माझ्याबरोबर पाठराखीण म्हणून कोणी आलं नाही. माहेरी, काष्टीच्या पुढे नदीकाठी, घरात बायका कमी आणि कामं उदंड. मामांनी मात्र निघताना तांब्याच्या घागरीत बोटाएवढ्या चार मासोळ्या घालून दिल्या. म्हणाले, "पाथर्डीच्या अंगाला चाललीस. हिरीत सोड, पानी राखतील." तीन पहिल्याच वर्षात दिसेनाशा झाल्या. चौथी जगली. आठ वर्षांत ती माझ्या हाताएवढी लांब झाली आणि अंगानं अशी भरली की दोन्ही पंजांत मावू नये. मी धुणं घेऊन विहिरीवर गेले की ती वर यायची. जाऊबाई म्हणायच्या, "आली गं तुझी पाठराखीण." त्या चिडवायच्या, पण मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

बहात्तरच्या दुष्काळात आमची विहीर गुडघ्यावर आली. आम्ही नवराबायको खडी फोडायला जायचो. येताना मी आत डोकावायचे, तर तिची पाठ वरूनच दिसायची. विहिरीतला मासा खायचा नाही ही आमच्याकडची रीत. पण रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीला कंटाळलेल्या माणसांच्या नजरेला रीत कोण शिकवणार? एकानं तर मला तोंडावर विचारलं, "वैनी, कालवण कधी?" मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

अर्ध्या कोसावर चुलतसासूंची विहीर होती, दगडी पायऱ्यांची. तिला अजून पाणी होतं आणि सगळी वाडी त्यावरच जगत होती. मी भीतभीतच विचारलं. त्या म्हणाल्या, "आण की. लक्ष्मी हाय ती, तिला न्हाई कोन म्हनंल?"

आता न्यायची कशी, हे मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात डोह आटले की मामा मोठे मासे एका डोहातून दुसऱ्यात न्यायचे, आणि मी काठावर बसून बघायचे. माशाच्या मागं लागायचं नाही, भ्यालेला मासा अर्धा तिथंच मरतो. हात लावायचा नाही. "तो बुळबुळीतपना हाय न्हवं, ते त्येचं कापड हाय," मामा म्हणायचे, "ते पुसलं की तो उघडा पडला." वर अंधार करायचा. त्याच्याच पाण्यात न्यायचं आणि तिकडं गेल्यावर नवं पाणी तांब्या तांब्यानं त्यात मिसळत बसायचं, दुपार गेली तरी चालेल.

आमची कातड्याची मोट दुष्काळात नुसती पडून होती, वाळून कडक झालेली. मी ती दोन दिवस विहिरीतल्या पाण्यात भिजत घातली. पाणी ओतायची तिची सोंड सुतळीनं घट्ट बांधली. तिसऱ्या दिवशी सकाळी आत उतरले, मोट आडवी करून तिचं तोंड पाण्यात धरलं आणि गप्प बसून राहिले. वरून हे विचारत होते, "काय झालं?" मी हातानंच थांबायची खूण केली. मोटेच्या आत अंधार होता आणि बाहेर ऊन. बऱ्याच वेळानं ती आपली आपण आत शिरली. बैल छावणीत होते, म्हणून यांनी आणि दिरांनी मिळून चौघांनी मोट हातानं ओढून वर घेतली.

मग ती एका वाशाला टांगली, तोंडावर ओलं पोतं टाकलं आणि चौघं खांद्यावर घेऊन निघाले. कातड्यातून पाणी झिरपत होतं, म्हणून मी आमच्याच विहिरीचं पाणी कळशीत घेऊन मागं चालत होते आणि थोडं थोडं ओतत होते. जाऊबाईंना हसू आवरेना. "नाकापरीस मोती जड झाला गं तुझा," म्हणाल्या. मी पोत्याखाली डोकावले. ती स्थिर होती, कल्ले सावकाश हलत होते. इथपर्यंत सगळं मामांच्या शब्दाबाहेर गेलं नाही.

विहिरीवर पोचलो तर पायऱ्यांवर बायकांची रांग. दोन दिवसांला घरटी दोन घागरी, त्याहून थेंब जास्त नाही. चुलतसासू हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. आधी त्यांनी मोटेत बघितलं. "ह्यो गाळ आमच्या प्यायच्या पान्यात नगं," म्हणाल्या. त्यांचं चुकलं नव्हतं. मामांच्या पद्धतीनं करायचं तर मोट बाहेरच ठेवून तिच्यात दहा-बारा घागरी नवं पाणी हळूहळू घालत, जुनं सांडत बसायला हवं होतं. हे मी आठ दिवस मनात घोकत होते आणि पाणी कुठून येणार हा विचार एकदाही केला नव्हता. नदीकाठची मी. मला पाणी मोजायची सवयच नव्हती.

मी रांगेकडं बघितलं. एकीच्या कडेवर ओठ सुकलेलं पोर होतं. माशासाठी बारा घागरी द्या, हे मी कोणत्या तोंडानं म्हणू?

चुलतसासूंना माझं तोंड दिसलं असावं. त्यांनी आपल्या वाटणीच्या दोन्ही घागरी उचलल्या. मी म्हणाले, "आत्याबाई, तांब्या तांब्यानं घाला." पण त्या म्हणाल्या, "हात आखडून कशाला? पयल्यांदा येतीया." मोट पायरीवर आडवी करून त्यांनी जुनं पाणी सांडून दिलं, मासोळीला मांडीवर घेतलं आणि दोन्ही घागरी तिच्यावर रिकाम्या केल्या. सासरी आलेल्या लेकीला घालावी तशी अंघोळ. मग पदर घेऊन डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळून पुसायला लागल्या. "लई बुळबुळीत. आठ वर्सं न्हाऊ घातलंच न्हाई व्हय गं तू?" बायका हसल्या.

"हात लावू नका हो," मी म्हणाले.

त्या थांबल्या. "का? तुझ्या म्हायेरची म्हनून आमी शिवायची न्हाई?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. हे खाली बघत होते. ज्या बाईनं स्वतःच्या तोंडचं पाणी माझ्या मासोळीवर ओतलं, तिला मी काय शिकवणार होते? मी म्हणाले, "तसं न्हाई, आत्याबाई." त्यांनी तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि पाण्यात सोडलं. ती खाली गेली. मी बराच वेळ वाट बघितली, पण वर आली नाही.

चौथ्या दिवशी ती वर तरंगल्याचा निरोप आला. मी पळत गेले. चुलतसासूंनी तिला आधीच बाहेर काढून नव्या खणात गुंडाळून ठेवलं होतं. मी खण उघडला. जिथं जिथं पदर फिरला होता, तिथं तिथं कापसासारखं पांढरं धरलं होतं. मला रडायलाही येईना, राग कोणावर काढावा तेही कळेना. आम्ही दोघींनी तिला लिंबाखाली पुरलं. चुलतसासूंचे डोळे सुजलेले होते. त्या दोन घागरी ओतल्यावर दोन दिवस त्यांनी चूळ भरायलासुद्धा पाणी घेतलं नव्हतं, असं त्यांच्या सुनेनं मला नंतर सांगितलं.

माती लोटून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला. "तिला करमलं नसंल का गं? मी तर न्हाऊ घालून घेतली हुती."

"व्हय, आत्याबाई," मी म्हणाले. "चांगली घातली तुमी."