बाईच्या हातानं उतरणारा करंट

‘गाडीच्या वायरीला बाईचा हात लागला, की करंट उतरतो.’ हा नियम तात्यांनी मला शाळेत असताना सांगितला होता. मी ‘का?’ म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘का म्हणून इचारायचं न्हाई. ह्यो दुसरा नियम!’

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. मिलिटरीतून सुभेदार होऊन रिटायर झाले आणि मिलिटरीनं काढून टाकलेली एक जुनी विलायती मोटारसायकल घेऊन गावी आले. इंजिन धडधाकट, पण विजेच्या कामाचा सगळा आनंद! लाइट लागला तर हॉर्न वाजत नाही, हॉर्न वाजला तर लाइट जातो. एक भानगड मिटते न मिटते तोच दुसरी हजर, त्यामुळे किश्श्यांना तोटा नाही. सांगलीत कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या, की आधी विचारतात, ‘तात्यांचं काय नवीन?’ मी सांगते, त्या हसतात. मला मात्र सांगता सांगता संताप येतो, कारण या नियमापायी माझी नोकरी अडली होती.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. कुपवाडच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींचं वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तपासायला मला बोलावलं होतं. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, ऐकूनच हादरले. ‘करंटचं काम? मग हिला करून कोण घेणार?’

* * *

या बोलावण्याच्या बऱ्याच आधी एकदा बॅटरीतलं पाणी आटलं. मी म्हटलं, ‘तात्या, डिस्टिल्ड वॉटर घाला. पेट्रोल पंपावर मिळतं.’

तात्या साताऱ्याला निघालेच होते. येताना माहुलीच्या संगमावरून तांब्या भरून आणला आणि नमस्कार करून बॅटरीत ओतला!

‘आवं तात्या, नदीच्या पाण्यात क्षार असतात. प्लेटा खराब होतील!’

‘कृष्णामाईच्या पाण्यानं? अगं, माणसांची पापं धुऊन निघत्यात, तू प्लेटांचं काय घिऊन बसलीस!’

थोड्याच दिवसांत बॅटरी मेली. तात्यांनी ती उचलून बाजूला ठेवली आणि शांतपणे निकाल दिला, ‘हिची श्रद्धाच न्हवती.’

* * *

मग नवी बॅटरी आली. आताच्या बहुतेक गाड्यांत बॅटरीची मायनस बाजू गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडतात. या जुन्या विलायती गाडीत उलटं होतं, प्लस बाजू सांगाड्याला. मी ते वाचलं होतं, तसं सांगितलंही.

तात्यांना तो अपमान वाटला. ‘प्लस म्हंजे थोरला. थोरल्याला लोखंडावर बसवायचं आन धाकट्यानं वायरीतनं मिरवायचं व्हय? आपल्या घरात न्हाई चालायचं!’

थोरल्याला मानानं वर जोडलं. झालं! हेडलाइटवरच्या मीटरचा काटा चार्जिंगच्या वेळी उजवीकडे जायचा, तो डावीकडे पळायला लागला. तात्यांनी दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी मीटरच्या मागच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. काटा उजवीकडे!

‘बघ, कसा शिस्तीत आला!’

‘तात्या, थर्मामीटर उलटा धरला म्हणून ताप उतरतो का?’

इतका वेळ गप्प बसलेल्या आप्पांना नेमकं तेव्हाच बोलायचं सुचलं. ‘शालन, मोठ्यांसंगं असं बोलत्यात? कॉलेजात ह्येच शिकिवलं तुला?’

कॉलेजात नेमकं हेच शिकवलं होतं!

* * *

खंडाळ्याला साखरपुडा होता. तात्या पुढे, आप्पा मागे. घाटात फ्यूज उडाला. तात्यांनी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली. ती उडाली. दुहेरी करून बसवली. तीही उडाली.

फ्यूज उडतो म्हणजे पुढे कुठंतरी वायर लोखंडाला टेकली आहे, ती शोधा, एवढाच त्याचा अर्थ. तात्यांनी अर्थ काढला, की फ्यूज कमजोर आहे. त्यांनी तिथं चक्क एक खिळा ठोकून दिला.

थोडं अंतर गेल्यावर आप्पा मागून म्हणाले, ‘तात्या, चिलीम कुणी पेटिवली?’

सीटखालून धूर येत होता. दोघांनी उड्या मारल्या, माती टाकली. सगळ्या वायरी कोळसा! तात्यांनी वाकून आत बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, ‘फ्यूज मातुर शाबूत हाय गड्या!’

* * *

नव्या वायरी टाकल्या, तर हँडल उजवीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजायला लागला. आमच्या घरातून उजवीकडे देऊळ. तात्या निघाले, की हॉर्न ऐकून पुजारी बाहेर येऊन उभा राहायचा.

एका दुपारी घर झोपलं असताना मी हेडलाइट उघडला. हँडलच्या मानेशी हॉर्नची वायर घासून उघडी पडली होती, वळताना लोखंडाला टेकत होती. टेप गुंडाळली, वायर जरा सैल सोडली. हॉर्न गप्प.

‘संकष्टी पावली!’ तात्या म्हणाले. पण आईनं माझी काळी बोटं बघितली होती, आणि तिच्या पोटात काही राहत नाही.

मला वाटलं, आता तात्या कडाडणार. ते हळूच म्हणाले, ‘केलंस ती केलंस. भाईर बोलू नगंस.’

तेव्हापासून गाडी बिघडली, की तात्या सीटवर स्क्रू ड्रायव्हर ठेवायचे आणि ‘जरा मळ्याकडं जाऊन येतो,’ म्हणून निघून जायचे. परत येईपर्यंत गाडी दुरुस्त! आणि पारावर सांगायचे, ‘मिलिटरीत शिकलोय, इसरंन कसा?’

माझ्या हातानं करंट उतरत नव्हता, फक्त माझ्या नावानं उतरत होता!

* * *

कुपवाडचं बोलावणं आलं, त्याच महिन्यात कवठे महांकाळहून मला बघायला पाहुणे आले. मुलगा आणि त्याचे मामा, आमच्या गाडीइतक्याच जुन्या मोटारसायकलवर. पोहे झाले, चहा झाला. मामांनी विचारलं, ‘पोरगी घरात काय काय करती?’

आप्पा म्हणाले, ‘भरतकाम. विणकाम. लय हौस हाय तिला.’

मी आजवर सुईत दोरा ओवलेला नाही. कुपवाडचं तर नावही कुणी काढलं नाही.

निघताना दिवस मावळला होता, आणि पाहुण्यांच्या गाडीचा हेडलाइट लागेना. मामांनी बटण खालीवर केलं. तात्यांनी दिव्यावर चापट्या मारल्या. आप्पांनी काच पुसली. मुलगा लांब उभा राहून घड्याळ बघत होता.

‘पाहुणं, तुमी आत बसा,’ तात्या म्हणाले. ‘आणखी एक कप घ्या. मी बघतो.’

मग दारात येऊन त्यांनी माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. ‘गाडी मागं परड्यात लावतो. गुपचूप कर. मी केलं म्हणून सांगतो.’

मागून आप्पा कुजबुजले, ‘शालन, घराच्या अब्रूचा सवाल हाय.’

मी अंगणात गेले. पाहुणे अजून पायरीवरच होते.

‘दुरुस्त करते,’ मी म्हटलं, ‘पण परड्यात नाही. इथं, सगळ्यांसमोर. आणि आप्पा, मला भरतकाम येत नाही, हे आधी तुम्ही पाहुण्यांना सांगा. पहिल्या तारखेपासून मी कुपवाडला करंटचंच काम करणार आहे, हेही सांगा. नाहीतर मी हात लावणार नाही.’

मामांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी आप्पांकडे. आप्पांनी कुणाकडेच बघितलं नाही.

अंधार पडत चालला होता, आणि तिन्ही वडीलधारी माणसं त्या न लागणाऱ्या दिव्यासमोर उभी होती.