घरात ताक असताना ताक मागायला गेले

मैत्रिणींनो, आज सकाळी ताक केलं. मीठ, भाजलेलं जिरं घालून भांडं झाकून ठेवलं. पूर्वी आमच्या माण तालुक्यात ताक झालं की शेजारणी तांब्या घेऊन दारात यायच्या. आता मालक मुंबईला, आणि शेजारच्या दोन्ही घरांना कुलूप.

दुपारपर्यंत वाट बघितली. मग रिकामा तांब्या उचलला आणि वस्तीवरच्या सुरेखाकडं ताक मागायला गेले.

"आवं काकी, तुमची म्हैस दूध देती की."

"आज ताक लय आंबलं गं," मी खोटंच बोलले.

तिनं बसवून घेतलं. तासभर बोललो. निघताना तांब्या भरून देत म्हणाली, "उद्याबी आंबलं तर या."

तुमच्या दारात ताक मागायला शेवटचं कोण आलं होतं?