घोटसरांची पाटी

आमचे घोटसर वर्गात आले की पहिली दोन मिनिटं एक शब्द बोलत नसत. बोलणार कसे? तोंडात पाणी असायचं. त्यांच्याही आणि आम्हा सगळ्यांच्याही.

गारखेड्यातली शाळा, दुष्काळाची वर्षं. वस्त्या वाढत होत्या, टँकर पुरत नव्हते. सकाळी रांगेत भांडून आम्ही तसेच वर्गात शिरायचो. एके दिवशी सर म्हणाले, "आजपासून रोज आधी बाटली काढा. एक घोट घ्या, गिळू नका. डोळे मिटा, नाकानं श्वास घ्या."

"सर, प्यायला पाणी नाय आन् हे काय?" मी विचारलं.

"वाया कुठं जातंय? शेवटी पोटातच जाणार ना, बाबा." मग हळूच म्हणाले, "हे तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. मागं तुझ्या कानाखाली वाजवली, ती अजून मलाच लागते. तोंडात पाणी असलं की हात उठत नाही."

माझं डोकं लवकर तापायचं. मला ते वेगळं सांगत, "घोट गिळल्यावर जे उरेल, तेवढंच बोल."

एकदा तपासणीला साहेब आले. मुख्याध्यापकांनी दार उघडलं, तर सगळा वर्ग गाल फुगवून उभा. कुणी नमस्ते म्हणेना. सरांनीही नुसते हात जोडले. मुख्याध्यापकांना तो अपमान वाटला. "पोरं मुकी करतोय हा," म्हणत त्यांनी सरांना संस्थेच्या पिशोरच्या शाळेत धाडलं. सर तिथंच निवृत्त झाले, तिथंच गेले.

आता चिकलठाण्याला माझं फरशीचं गोदाम आहे. गेल्या वर्षी त्याच शाळेतून फोन आला. मुलांचा आणि शिक्षकांचा ताण कमी व्हावा म्हणून ‘मनःशांती कक्ष’ बांधताहेत, माजी विद्यार्थी म्हणून फरशी द्या. फुकट देणं माझ्या रक्तात नाही. तरी म्हणालो, "देतो. दारावर घोटसरांचं नाव पाहिजे." ते हो म्हणाले.

माल उतरवून आत गेलो, तर दारावर संस्थेच्या सचिवांचं नाव. सचिव म्हणजे तेच मुख्याध्यापक. त्यांच्या खोलीत जाऊन विचारलं, "घोटसरांचं नाव कुठंय?"

"लई जुनं उकरतोस रे," ते हसले. "आणि तो माणूस काय करायचा? पोरांना गप्प बसवायचा. हे शास्त्र आहे."

शिव्या ओठांपर्यंत आल्या होत्या. मी त्यांच्याच टेबलावरची बाटली उचलली, घोट घेतला, डोळे मिटले.

"काय झालं? चक्कर येतेय का?" त्यांनी विचारलं. त्यांना काहीसुद्धा आठवलं नव्हतं.

मी घोट गिळला. जे उरलं होतं ते दारातून हमालांना सांगितलं.

"फरशी परत टेम्पोत चढवा."