एका बाजूचं हेलिकॉप्टर

आमच्या मिस्त्रीने सव्वीस वर्षं रंगमंचावर राजवाडे उभे केले, आणि त्यातल्या एकालाही मागची बाजू नव्हती. लागतही नाही. प्रेक्षक समोर बसतो. त्याला दिसतं तेवढं रंगवायचं, मागे पट्ट्या ठोकायच्या आणि वाळूची पोती टेकवायची. त्याच्या सिंहासनांवर बसून मी अनेक राज्यं केली. समोरून सोनं, मागून खोक्याच्या फळ्या. पण एकही सिंहासन ऐन प्रवेशात करकरलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

ही सवय तो घरीही घेऊन गेला. लग्नानंतर त्याने बायकोसाठी सागवानी कपाट केलं. दारांवर कोरलेल्या वेली, पितळी मुठी, आणि पाठ नाही.

"मागे भिंत आहे ना!" म्हणाला.

तेव्हापासून वहिनी कपड्यांना लागलेला चुना झटकत आल्या आहेत.

पुढे नाटक कंपनी बंद पडली आणि मला एका टीव्ही मालिकेत काम मिळालं. पोलिसांचं हेलिकॉप्टर, त्यात तीन शूर जवान, दर आठवड्याला नवा चोर. मी त्यांचा साहेब. खुर्चीत बसून वायरलेसवर "सोडू नका त्याला!" असं ओरडणं, एवढीच माझी भूमिका. हेलिकॉप्टर लाकडी करायचं ठरलं, तेव्हा मी मिस्त्रीचं नाव सुचवलं.

बारा दिवसांत त्याने ते उभं केलं. आणि काय केलं होतं! निळा पट्टा, काचा, वर फिरता पंखा. खाली ट्रकच्या ट्यूबा. मिस्त्री बांबूने असं डोलवायचा की वैमानिक झालेल्या नटाला जमिनीपासून दोन फुटांवर उलटी झाली. दिग्दर्शिका टाळ्या वाजवत पलीकडच्या बाजूला गेली. टाळ्या थांबल्या.

पलीकडे पट्ट्या, वाळूची पोती आणि मिस्त्रीचा चहाचा थर्मास.

"मिस्त्री, दुसरी बाजू कुठाय?"

"तिकडे कोण बसणार आहे, बाई?"

"तिकडे कॅमेरा जाणार आहे!"

मिस्त्री माझ्याकडे वळला. "महाराज, हे लोक उठून फिरतात? एका जागी बसून बघत नाहीत?"

लाकूड संपलं होतं आणि चित्रीकरण दुसऱ्या दिवशी होतं. हेलिकॉप्टरचं नाक डावीकडे, म्हणून ते डावीकडेच उडायचं. त्यामुळे सगळ्या चोरांनाही डावीकडेच पळावं लागायचं. एक होतकरू चोर उजवीकडे पळाला, त्याला परत बोलावून नीट पळायला लावलं.

दिग्दर्शिकेने मात्र मिस्त्रीला शिक्षा केली. "अर्ध्या वस्तूला नाव मिळणार नाही." शेवटी जी नावं सरकतात, त्यांत त्याचं नाव नाही.

हे त्याला फार लागलं. नाटकाच्या जाहिरातीत नावं आमची. सुताराचं कोण छापतं? आता टीव्हीवर येणार म्हणून त्याने घरी सांगून ठेवलं होतं. वहिनी दर आठवड्याला पडद्याला नाक लावून बसायच्या.

"आलं नाही हो."

"पुढच्या खेपेला येईल."

पाचव्या आठवड्यात एका निवृत्त शिक्षकाचं पत्र आलं: 'आपले जवान महिनाभर डावीकडेच जात आहेत. त्यांच्या घरी कळवलं आहे का?' त्याच सुमारास मालिका आठव्या भागात गुंडाळायचं ठरलं. शेवटच्या भागात हेलिकॉप्टरने परत येणं भागच होतं.

"शुक्रवारपर्यंत दुसरी बाजू हवी," दिग्दर्शिका म्हणाली. "नाहीतर दुसरा सुतार आणते. नावही त्याचंच येईल."

बंद पडणाऱ्या मालिकेला नवी फळी कोण देतो? मिस्त्री घरी गेला आणि कपाटासमोर उभा राहिला. मी सोबत होतो.

"असं काय बघताय?" वहिनी म्हणाल्या. "इतक्या प्रेमाने माझ्याकडे कधी बघितलं नाहीत."

त्याने चाचरत सगळं सांगितलं. वहिनींनी कपाट उघडलं. मग एकेक कपडा काढून पलंगावर रचू लागल्या.

"न्या. मुठी सांभाळा. आणि मागची बाजू करायला शिकलातच, तर घरीही जरा करून दाखवा."

शेवटचा भाग आम्ही तिघांनी त्यांच्याकडे बघितला. जवान चोराला घेऊन निघाले, मी पडद्यावर ओरडलो, आणि अगदी अखेरीस, नावं सुरू होता होता, हेलिकॉप्टर पहिल्यांदाच उजवीकडे तोंड करून आलं. निळा रंग, आणि दारावर चमकणारी पितळी मूठ.

वहिनी उडी मारून पडद्यासमोर उभ्या राहिल्या. "अगंबाई, माझं कपाट! कपाट उडतंय!"

"बाजूला हो! नाव येतंय!"

"थांबा हो! ही बघा, ढिली मूठ. तीच ती! अजून ढिलीच आहे!"

त्या बाजूला झाल्या तेव्हा बातम्या लागल्या होत्या.

मिस्त्रीने हळूच माझ्याकडे बघितलं. मला वहिनींच्या पाठीशिवाय काहीही दिसलं नव्हतं. पण आयुष्यभर अभिनय केला तो काय फुकट?

"आलं," मी म्हणालो. "ठळक अक्षरांत. माझ्या वर."

"तुमच्या वर?" मिस्त्री म्हणाला. "महाराज, सव्वीस वर्षांत तुम्ही कुणाला तुमच्या वर येऊ दिलं नाहीत."

मालिका संपल्यावर दुसरी बाजू घरी परतली आणि तिचं पुन्हा कपाट झालं. पहिल्या बाजूची त्याला पाठ बसली, निळ्या पट्ट्यासकट. त्या पट्ट्यावर वहिनींनी नवऱ्याला समोर बसवून त्याच्याच हाताने त्याचं पूर्ण नाव रंगवून घेतलं.

ते कपाट आता भिंतीपासून दोन फूट पुढे, ऐन वाटेत असतं. पलंगाकडे जाताना प्रत्येकाचा गुडघा त्यावर आपटतो. सरकवा म्हटलं तर वहिनी ऐकत नाहीत. पाहुण्यांना त्या आधी मागे घेऊन जातात.