गच्चीवरच्या खोळी

आमच्या गल्लीत कुणी नवी वस्तू घेतली, की ती आधी आत्याला कळते आणि मग घरच्यांना. कारण आत्या खोळी शिवते. वॉशिंग मशीनची खोळ, स्कूटरची खोळ, पोपटाच्या पिंजऱ्याची खोळ. एकदा एका गृहस्थाच्या भल्यामोठ्या पितळी वाद्याची गवसणी तिने नुसतं वर्णन ऐकून शिवली. ती इतकी चपखल बसली, की त्यांना ते वाद्य पुन्हा बाहेर काढता आलं नाही. शेजाऱ्यांनी आत्याला मिठाई पाठवली.

ती आमच्यापैकी कुणाचीच सख्खी आत्या नाही, पण तिच्या आवाजाला दुसरं कुठलंही नातं शोभत नाही. तिच्या नवऱ्याला आम्ही काका म्हणतो. काका कापड कापतात, आत्या शिवते, आणि बोलण्याचं खातं पूर्णपणे आत्याकडे आहे.

त्यांच्या घरात उघडी अशी वस्तू नाही. टीव्हीला खोळ, रिमोटला खोळ, फोनला खोळ आणि ती मळू नये म्हणून तिच्यावर आणखी एक. सोफ्यावर जाड, कधीकाळी पारदर्शक असलेलं प्लास्टिक. बसलं की ते किंचाळतं, उठलं की पँटीला धरून ठेवतं. पाहुणे आले की मात्र साऱ्या खोळी झटपट उतरतात आणि पाहुण्यांची पाठ वळली की पुन्हा चढतात. सोफा मुळात हिरवा आहे हे काकांना कुणाच्या तरी लग्नाचे पाहुणे आले तेव्हा समजलं.

अशा या आत्याने गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं ठरवलं. तिच्या शिवणाच्या दुकानातली मशीनं मोटरवर चालतात आणि विजेचं बिल दर वेळी तिच्या कमाईचा लचका तोडून जायचं. सरकारने योजना काढली होती: पॅनेल बसवा, खर्चाचा मोठा वाटा अनुदान म्हणून परत घ्या, आणि वापरून उरलेली वीज कंपनीला देऊन बिलातून वळती करून घ्या.

शेजारचे निवृत्त हिशेबनीस लगेच कुंपणाशी आले. "वहिनी, बिलात वाचणाऱ्या पैशांतून खर्च निघायला पाच-सहा वर्षं जातात. या वयात कशाला हा उपद्व्याप?"

"का? या वयात ऊन पडत नाही?"

"तसं नाही हो. माणसाचा काय भरवसा…"

"माझा भरवसा मी देते. खर्च निघेपर्यंत मी मरत नाही. आणि तो निघाल्यावर फुकटची वीज सोडून मरायला मला वेड लागलंय का?"

हिशेबनीस त्यांच्या आकड्यांसकट घरात गेले.

पॅनेल बसली. अर्धे पैसे आत्याने साठवणीतून दिले, उरलेले अनुदान आल्यावर द्यायचे असं कंत्राटदाराशी ठरलं. अनुदान आलं नाही तर? तर आत्याचं जाड कापड शिवणारं मोठं मशीन विकावं लागणार होतं. ते गेलं की तिच्याकडे उशांचे अभ्रे शिवण्यापलीकडे काम उरलं नसतं. काकांनी हे एकदाच भीतभीत बोलून दाखवलं. "अहो, अभद्र बोलू नका," एवढंच आत्या म्हणाली. पण त्या दिवशी तिने मशीनला दोनदा तेल घातलं.

आणि मग बिल आलं. होतं तेवढंच. पाठोपाठ अनुदान कचेरीचे तपासनीस न कळवता आले, पॅनेलची वीज मोजणाऱ्या जिन्याखालच्या यंत्रावरचा आकडा पाहिला आणि शेरा मारून गेले: यंत्रणा सदोष, अनुदान नामंजूर.

आत्याने कंत्राटदाराला फोनवर असं काही फैलावर घेतलं, की तो जेवण सोडून धावत आला. त्याने पाहिलं तर पॅनेल झकास चालत होती. "आत्याबाई, यंत्र तर सांगतंय सगळं उत्तम आहे!"

"तू आलास की उत्तम. तू गेलास की झोपतं. तूच शिकवून ठेवलंयस त्याला!"

कंत्राटदाराने देवाची, आईची आणि स्वतःच्या स्क्रू-ड्रायव्हरची शपथ घेतली. काही उपयोग झाला नाही. शेवटी आत्याने कचेरीत जाऊन अशी काही बैठक मारली, की साहेबांनी तपासनीसांना पुन्हा पाठवायचं कबूल केलं. बहुधा खुर्ची मोकळी व्हावी म्हणून.

तपासनीस याही खेपेला न कळवता भर दुपारी आले. पुन्हा जिन्याखालच्या यंत्राशी वाकले, आकडा पाहिला, मान हलवली आणि पेन काढलं.

"आधी वर चला," आत्या म्हणाली.

"आजी, गरज नाही. आकडा इथे दिसतोय."

"आजी तुमच्या घरी. वर चला."

तपासनीस धापा टाकत गच्चीवर पोहोचले आणि जागीच थबकले. आठच्या आठ पॅनेलना खोळी होत्या! पारदर्शक प्लास्टिकच्या, निळ्या पट्टीने कडा शिवलेल्या, कोपऱ्यांना नाडी. उन्हाने प्लास्टिक दुधी पडलेलं, वर धुळीचा थर, त्यावर पाखरांची कलाकुसर. कंत्राटदार आला तेव्हा तो पाहुणा म्हणून त्या रीतसर उतरवल्या होत्या. तपासनीस मात्र दोन्ही वेळा वर्दी न देता आले.

तपासनीस इतके हसले की त्यांना पाण्याच्या टाकीचा आधार घ्यावा लागला. "अहो बाई, पॅनेलला कुणी कव्हर घालतं का?"

"एवढी महागाची वस्तू उघडी टाकू? आणि आरपार दिसतंय की. नजर जाते तिथून ऊन का जाणार नाही? ते काय नजरेपेक्षा जाड असतं?"

"काढून बघा एक."

आत्याने एका खोळीची नाडी सोडली. जिन्याखाली यंत्राशी उभ्या काकांचा आवाज आला, "चारशे वॅटचे सहाशे झाले गं!"

दुसरी काढली. "साडेआठशे!"

आत्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आठ खोळी शिवायला तिला आठवडा लागला होता. उरलेल्या सगळ्या खोळी तिने भराभर ओढून काढल्या आणि काका तर खाली लिलाव पुकारल्यासारखे ओरडू लागले, "दीड हजार! दोन हजार! अगं, अडीच हजाराला टेकतोय!"

कुंपणापलीकडून मान वर करून हिशेबनीस ओरडले, "वहिनी, म्हणजे चूक तुमचीच होती तर!"

"होती," आत्या कडाडली. "पण अनुदान चुकीला नाही, पॅनेलला आहे. पॅनेल चोख आहे. लिहा साहेब."

तपासनीस गंभीर झाले. "ते आता कठीण आहे. मागचा शेरा नोंदला गेलाय. पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करा."

आत्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. आत्या उभी राहिली की जिना संपतो.

"मागच्या खेपेला शेऱ्यात 'प्रत्यक्ष पाहणी केली' असं लिहिलंत ना?"

"लिहावं लागतं."

"वर आला होतात?"

तपासनीस टाकीकडे पाहू लागले.

"आला असतात तर या खोळी तेव्हाच दिसल्या असत्या. मी मूर्खपणा गच्चीवर केला, तुम्ही खाली उभ्याने केलात. माझा मी मान्य केला. तुमचा तुम्ही दुरुस्त करा. नाहीतर मी पुन्हा कचेरीत येऊन बसते. साहेबांची खुर्ची मला मानवली आहे."

ऊन भाजत होतं. तपासनीसांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि लिहिलं: यंत्रणा सुस्थितीत, अनुदानास हरकत नाही. मग अधिकाराचा उरलासुरला कण वाचवण्यासाठी म्हणाले, "मात्र तुम्हाला लिहून द्यावं लागेल की यापुढे पॅनेलला कव्हर घालणार नाही."

खालून काका ओरडले, "दे गं लिहून! मशीन वाचेल!"

"देणार नाही," आत्या म्हणाली. "या गल्लीतल्या घराघरांत माझी खोळ आहे. माझ्याच वस्तूला घालणार नाही असं लिहून दिलं, तर उद्या कुणी माझ्याकडून उशीचा अभ्रा तरी शिवून घेईल का?"

"मग अनुदान…"

"रात्री वीज तयार होते?"

"नाही."

"मग लिहा. सूर्य असेपर्यंत घालणार नाही. अंधारातल्या कव्हरला तुमच्या नियमात मनाई असली तर दाखवा."

तपासनीसांनी नियमावली उलटसुलट चाळली. मनाई नव्हती. असं काही कुणी करेल हे नियम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आत्याने सही ठोकली आणि बाजूला झाली. जिना पुन्हा सुरू झाला.

अनुदान आलं, कंत्राटदाराचे पैसे फिटले, मोठं मशीन जागेवर राहिलं. बिल इतकं खाली आलं, की हिशेबनीसांनी ते उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि गुपचूप स्वतःच्या गच्चीची लांबी-रुंदी घेतली. पॅनेलसाठी ते आत्याकडे सल्ला मागायला आले, तेव्हा ती म्हणाली, "पॅनेल कुठूनही घ्या. खोळी माझ्याकडून. रोख."