एका बाईंच्या दोन नोंदी

“लग्नाआधीचं कशाला हवंय? तेव्हा त्या कोण होत्या?” पार्टिशनपलीकडे संपादक फोनवर म्हणत होते.

मी त्याच बाईंची नोंद तपासत होते. मध्य प्रदेशातल्या दिवंगत मराठी माणसांचा चरित्रकोश आम्ही एम. पी. नगरातल्या दोन खोल्यांत तयार करतो. प्रत्येक नोंदीतला तपशील पडताळायचा आणि खाली सही करायची, हे माझं काम. या बाई झाडापानांची चित्रं काढायच्या. नोंदीत होतं: ‘विवाहानंतर पतीच्या प्रोत्साहनाने चित्रकलेस प्रारंभ.’ माहिती मुलाची. तो चार इमलीत, सरकारी बंगल्यांच्या वस्तीत राहतो, मोठा अधिकारी आहे.

बाईंची धाकटी बहीण अरेरा कॉलोनीत असते. जन्मगावाची खात्री करायला त्या दुपारी तिच्याकडे गेले, तर तिने कपाटातून एक जाड वही काढली. पानं, फुलं, शेंगा, आणि प्रत्येक चित्राखाली माहेरचं नाव. लग्नात त्यांचं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं होतं.

“बघ बेटा, पानाशेजारी माचिसची काडी काढलीय. पान केवढं ते कळावं म्हणून. आई ओरडायची, काड्या चुलीला राहू दे! तर ही म्हणे, मी काढतेय, जाळत नाहीये.” हसता हसता ती थांबली. “ही वही कुणाची, हे सांगणारी आता मी एकटीच. मी गेले की रद्दीत जाईल.”

उशीच्या अभ्र्यात गुंडाळून तिने वही माझ्याकडे दिली.

ऑफिसात मी माहेरचं नाव आमच्याच पहिल्या खंडात शोधलं. दीड ओळीची वेगळी नोंद निघाली: ‘वनस्पतिचित्रकार. उत्तरायुष्याची माहिती उपलब्ध नाही.’ एका बाईंच्या आम्ही दोन केल्या होत्या, आणि त्यातली एक हरवली होती. मग बाईंची लग्नानंतरची छापील चित्रं काढून पाहिली. प्रत्येकात काडी होती.

मी सगळं चिठ्ठीवर लिहून संपादकांच्या टेबलावर ठेवलं. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. मराठीत वाद घालायचा तर वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, त्यापेक्षा चिठ्ठी बरी.

“अगं, घरच्यांनी मंजूर केलेली नोंद आहे,” ते म्हणाले. “उद्या पानं प्रेसला जातायत. सही करून टाक.” त्यांनी बाईंच्या मुलाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“मावशीचं काय ऐकता?” मुलगा म्हणाला. “तिला सगळीकडे माहेर दिसतं. आईने आम्हाला असं कधीच सांगितलं नाही. मॅडम, साइन कर दीजिए, बस.”

संपादकांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी पेनाला टोपण लावलं.

“दोन्ही नावांच्या बाई एकच आहेत, सर,” मी म्हणाले. “त्या लग्नाच्या आधीपासून चित्रं काढत होत्या. तसं लिहा, मग सही करते.”