बाजेवर बसलेली आई

आज बाजेला अंबाडीची नवी दोरी विणायला घेतली आणि तिच्या कच्च्या वासानं मला सोनपेठजवळच्या आमच्या घरात नेलं. मी कॉलेजातून पहिल्यांदाच दिवाळीच्या सुट्टीला आलो होतो. घरात बाज एकच, आजोबांची. ते दारात खाकरले की आईनं पदर ओढून उभं राहायचं, हा रिवाज.

त्या दुपारी कापूस वेचून आईची पाठ भरून आली होती. मी हट्टानं तिला बाजेवर बसवलं. तेवढ्यात दारात खाकरणं ऐकू आलं. आईनं पदर ओढला, पण ती उठली नाही. आजोबा पुन्हा खाकरले, मग तिसऱ्यांदा.

मी भीत भीत म्हणालो, "आजा, लय खोकायलाव. पानी आणू का?"

"शिकून लय शाणा झालास," म्हणत ते खाली घोंगडीवर टेकले. "आन."

तेव्हा वाटलं, मी जिंकलो. पण पाणी देताना आईकडे लक्ष गेलं होतं. तिच्या टाचा उठण्याच्या बेतात उचललेल्या होत्या आणि बोटं बाजेच्या दोरीत घट्ट अडकवलेली होती. आज दोरी ताणताना कळतं, न उठायला तिला केवढा जोर लागला असेल. मी फक्त पाणी आणलं होतं.